संशोधन हवे, पण एस.टी.चे भाडे कोणी द्यावयाचे?

शिक्षणाच्या धोरणात शब्दांची टंचाई आपल्याकडे कधी नव्हती. टंचाई असते ती पैशाची. आणि तीही नेमकी तेथे, जेथे थोडक्या पैशात मोठे काम व्हावयाचे असते. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्याला आता संशोधक व्हावयास सांगितले आहे. राज्य सरकारच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवीच्या अभ्यासक्रमाची जी फेरमांडणी झाली, तीत क्षेत्र प्रकल्प, लोकसहभागाचे काम, कार्यानुभव आणि संशोधन प्रकल्प यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले. स्वायत्त महाविद्यालयांत ही मांडणी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अमलात आली. हेतू उत्तम आहे आणि त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु हा हेतू ज्या विद्यार्थ्यांच्या पायांनी चालावयाचा आहे, त्यांच्या खिशात वाटखर्चाला काय आहे, याचा विचार मात्र झालेला दिसत नाही.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांपेक्षा शहापूर आणि मुरबाड येथे अधिक ठळकपणे दिसतो. हे तालुके मुंबईपासून दूर आहेत असे नाही. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलगाडीत बसले की वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही शहापूर तालुक्यातील स्टेशने एकामागून एक लागतात. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून माळशेज घाटाच्या दिशेने जाणारी एस.टी. हाच तेथील आधार. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा उरलेल्या ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला जो डोंगराळ आणि आदिवासी वस्तीचा मुलूख राहिला, तो मुख्यत्वे हाच. शहापूरला सोनुभाऊ बसवंत यांच्या नावाचे आणि मुरबाड तालुक्यात शिवळे येथे शांतारामभाऊ घोलप यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या वर्गांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशा घरांतील मुलेमुली शेजारी शेजारी बसतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच माणूस असते. संशोधनाचा हुकूम या मुलांपर्यंत पोहोचला आहे. त्या हुकुमाबरोबर रुपया पोहोचलेला नाही.

थोडा हिशेब मांडून पाहू. क्षेत्रकार्याचा एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचे काम. दोन श्रेयांकांच्या क्षेत्र प्रकल्पासाठी विद्यार्थ्याने ६० तास प्रत्यक्ष काम करावे, अशी अपेक्षा आहे. दिवसाला सहा तास धरले, तर हे दहा दिवस झाले. दहा दिवस पाड्यापाड्यांवर जावयाचे, माणसांशी बोलावयाचे, विहिरी मोजावयाच्या, नोंदी करावयाच्या, त्या उतरून काढावयाच्या. एस.टी.चा सवलतीचा पास घर ते महाविद्यालय एवढ्याच वाटेचा असतो. अभ्यासाची गावे त्या वाटेवर असतीलच असे नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे पडते, ही मुलींच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. पण जेथे दिवसातून एक-दोनच गाड्या जातात, तेथे उरलेली वाट खाजगी जीपने अथवा पायी काटावी लागते, आणि जीपवाला सवलत देत नाही.

भाड्याहून मोठा खर्च निराळाच आहे; तो कोठल्याही पावतीवर दिसत नाही. या मुलांपैकी कित्येकजण सुटीच्या दिवशी शेतावर, लग्नाच्या मांडवात, दुकानात अथवा गोदामात काम करून आपला आणि कधी धाकट्या भावंडांचाही खर्च चालवितात. त्यांचा दहा दिवसांचा वेळ म्हणजे दहा दिवसांची मजुरी होय. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. तोच दर धरला, तरी एका प्रकल्पापायी विद्यार्थ्याचे ३,१२० रुपये बुडतात. ज्याचे वडील नोकरदार आहेत, त्याला हे दहा दिवस सहलीसारखे वाटतील. ज्याच्या घरची चूल त्याच्या मजुरीवरही पेटते, त्याला ते परवडणारे नाहीत. श्रेयांक दोघांना सारखे. किंमत मात्र एकालाच मोजावी लागते. समान अभ्यासक्रम म्हणजे समान संधी, असे मानणारांनी या ३,१२० रुपयांचे उत्तर द्यावे.

मग काय होते? जे व्हावयाचे तेच होते. महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात. नाव बदलावे, मुखपृष्ठ रंगीत करावे, स्पायरल बांधणी करून घ्यावी, की काम झाले. आता तर मोबाइलवर दोन वाक्ये लिहिली की पन्नास पानांचा मजकूर यंत्रच काढून देते. न पाहिलेल्या गावाच्या न विचारलेल्या प्रश्नांची न मिळालेली उत्तरे कोष्टकांत नीट मांडली जातात. शिक्षकाला ते कळते. पण त्याच्यापुढे तसल्या शंभर वह्यांचा ढीग असतो, आणि खरे काम करावयास मुलांजवळ साधन नव्हते हेही त्याला ठाऊक असते. तो डोळेझाक करतो आणि सही करतो. प्रस्तुत लेखकाने आयुष्याची काही वर्षे शाळेत शिकविण्यात घालविली आहेत. त्या अनुभवावरून एवढे निश्चित सांगता येईल, की मूल नापास झाल्याने बिघडत नाही. खोटे लिहून पास झाल्याने बिघडते. संशोधनाच्या नावाने आपण वीस वर्षांच्या मुलांना खोटे बोलण्याची सवय लावीत असू, तर संशोधन मुळीच नको म्हणणे अधिक बरे.

देशात संशोधनासाठी पैसाच नाही, असे मात्र नाही. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत त्यामार्फत ५०,००० कोटी रुपये खर्च व्हावेत असे योजिले गेले. त्यांतील बराच मोठा भाग बिगरसरकारी क्षेत्राकडून यावयाचा आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी २००८ साली इन्स्पायर योजना सुरू झाली. तीत वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती असून त्यांतील २०,००० रुपये उन्हाळ्यातील संशोधन प्रकल्पासाठी राखलेले आहेत. ही योजना चांगलीच आहे. पण ती बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळात अगदी वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी आहे. १९९९ साली सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही विज्ञानाच्या निवडक मुलांसाठीच होती. २०२२ साली ती इन्स्पायरमध्ये विलीन झाली. महाविद्यालयीन अध्यापकांना विद्यापीठ अनुदान आयोगाकडून लघु संशोधन प्रकल्पांसाठी जे अनुदान मिळे, आणि ज्याच्या आधाराने छोट्या गावातील प्राध्यापक दोन-चार विद्यार्थ्यांना हाताशी धरून काही काम करी, ते बाराव्या योजनेबरोबर २०१७ साली संपले.

राज्याची 'आविष्कार' ही आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा २००६ पासून भरते. भाषा आणि मानव्यविद्यांपासून शेतीपर्यंत, वाणिज्यापासून औषधशास्त्रापर्यंत सर्व शाखांच्या मुलांना तीत भाग घेता येतो, ही तिची थोरवी आहे. परंतु स्पर्धेचे पारितोषिक काम झाल्यानंतर मिळते. काम होण्यापूर्वी लागणारा पैसा पारितोषिकाने पुरविला जात नाही. पेरणीच्या वेळी बियाणे न देता सुगीच्या वेळी उत्कृष्ट पिकाला बक्षीस देण्यासारखे हे आहे. ज्याच्या कणगीत बी आहे, तोच बक्षीस नेतो.

म्हणजे स्थिती अशी, की वरच्या एक टक्क्यासाठी शिष्यवृत्ती आहे, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी अधिछात्रवृत्ती आहे, मोठ्या संस्थांसाठी कोट्यवधींचे प्रकल्प आहेत. आणि कला अथवा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या, साठ टक्के गुण मिळविणाऱ्या, पण आपल्या गावाची खडान्‌खडा माहिती असणाऱ्या मुलीसाठी काहीही नाही. तिला संशोधन सक्तीचे आहे, एवढेच.

येथे काही सुजाण वाचक म्हणतील, की बी.ए.च्या मुलीने असे काय संशोधन करावयाचे आहे? तिने अगोदर पुस्तके नीट वाचावीत. पुस्तके वाचावीत हे खरेच. पण शहापूर-मुरबाडकडे नुसती दृष्टी टाकली, तरी तिने करण्याजोगे आणि दुसऱ्या कोणी सहजी न करण्याजोगे काम किती पडले आहे ते दिसेल.

पहिला प्रश्न पाण्याचा. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी सुमारे निम्मे एकट्या भातसा धरणाचे आहे. ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण तेथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. कोणत्या पाड्याची विहीर कोणत्या महिन्यात आटते, नळपाणी योजना कागदावर पूर्ण होऊनही तोटीला पाणी का नाही, पंपाचे वीजबिल कोणी भरावयाचे यावरून योजना कशी बंद पडते, हंड्यासाठी बायकांना रोज किती चालावे लागते, या गोष्टी मंत्रालयातल्या कोष्टकांवरून कळत नाहीत. मुंबईच्या आय.आय.टी.तील ग्रामीण तंत्रज्ञानाच्या 'सितारा' या केंद्राच्या विद्यार्थ्यांनी खर्डी भागातील नळपाणी योजनेचा आणि टँकरवर जगणाऱ्या गावांचा अभ्यास केला, तो याच वाटेने. गावात जाऊन, नकाशे काढून, मोजमाप करून. पवईहून मुले खर्डीला येऊन हा अभ्यास करू शकतात, तर खर्डीच्याच मुलांनी तो का करू नये? त्यांना तर त्या विहिरीची वाट विचारावी लागणार नाही.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातूनच जातो. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांना मोबदला मिळाला. त्या पैशाचे पुढे काय झाले? कोणी दुसरीकडे जमीन घेतली, कोणी घर बांधले, कोणी गाडी घेतली, कोणाचे भाऊबंदकीत गेले? जे भूमिहीन त्या जमिनीवर राबत होते, त्यांना काय मिळाले? वाणिज्य शाखेच्या पन्नास मुलांनी पन्नास घरांचा प्रामाणिक हिशेब मांडला, तर पुढच्या प्रत्येक भूसंपादनाला उपयोगी पडेल असा दस्तऐवज तयार होईल. मुरबाड तालुक्यातील धसई गाव डिसेंबर २०१६ मध्ये रोखीविना व्यवहार करणारे राज्यातील पहिले गाव म्हणून गाजले. त्या प्रयोगातले काय टिकले आणि काय ओसरले, हे तेथील दुकानदारांना विचारून लिहिण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाही. सचोटी आणि चार दिवस लागतात.

तिसरा प्रश्न रानाचा. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांच्या ज्ञानावर आधारलेली नोंदवही असावयास हवी. अशी नोंदवही बाहेरच्या माणसाने घाईने भरली तर तिला काही किंमत राहत नाही. कोणती रानभाजी कोणत्या नक्षत्रात येते, कोणते कंद किती वेळा उकळल्यावर खाण्याजोगे होतात, हे ज्या आजीला ठाऊक आहे, तिची नात आज आपल्या महाविद्यालयात शिकते आहे. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेखाली गुळवेलीचा व्यापार उभा करून मोठ्या औषधी कंपन्यांपर्यंत माल पोहोचविला, हे आपण वाचले आहे. त्या वेलीची तोड किती व्हावी म्हणजे ती रानात टिकेल, याचे उत्तर वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी शोधावयाचे आहे. तानसा अभयारण्यात २०१४ साली रानपिंगळा हा दुर्मीळ पक्षी आढळला. डोळे उघडे ठेवून हिंडणारी माणसे असली, की मुंबईच्या इतक्या जवळही काय सापडते, याचा हा दाखला आहे.

भाषा, इतिहास, समाज यांचेही तेच. मुरबाडच्या वैशाखरे गावावरून नाणेघाटाची वाट वर चढते. तेथील सातवाहनकालीन शिलालेख जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, पण त्या वाटेवरच्या गावांच्या आठवणी कोणी टिपलेल्या नाहीत. कातकऱ्यांची बोली घरातून ओसरत चालली आहे. म्हशाच्या यात्रेतला गुरांचा बाजार दरवर्षी बदलतो आहे. फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेचे कौतुक देशोदेशीच्या पत्रकारांनी केले. त्या आज्यांना अक्षरओळखीने पुढे काय दिले, हे शेजारच्या महाविद्यालयाने विचारले पाहिजे. वीटभट्टीवर सहा महिने जाणाऱ्या कुटुंबातील मुलांच्या शाळेचे काय होते, हे तर त्या मुलांतूनच पुढे आलेला एखादा विद्यार्थी सर्वांत नेमके सांगू शकेल.

आडगावी राहून मोठे काम होत नाही, हा समज आपल्याच कोकणाने खोटा पाडला आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचू चावलेल्या रोग्यांच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या, आणि त्यांचे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विंचूदंशावरच्या उपचाराची दिशा त्यांच्या कामाने बदलली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेथे महागडी प्रयोगशाळा नव्हती. समोर असलेल्या प्रश्नाकडे पाहण्याची शिस्त होती, आणि ती शिस्त वयाच्या विसाव्या वर्षी लागली तर आयुष्यभर उपयोगी पडते.

विद्यार्थ्याला अभ्यासासाठी पैसे देणे ही कल्पना परदेशातून आणावयास नको, जरी परदेशात ती रुजलेली आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घेण्याची योजना सुरू केली, आणि त्या कामाबद्दल विद्यार्थ्याला श्रेयांक अथवा वेतन मिळू लागले. १९८७ पासून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान अशा विद्यार्थ्यांना निर्वाहवेतन मिळावे म्हणून संस्थांना अनुदान देत आले. पण त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी आपल्याकडे पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून दक्षिणा पारितोषिक समिती आणि पुढे दक्षिणा फेलोशिप निघाल्या. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि गरीब मुलाने श्रम करून शिकावे ही वाट घालून दिली. त्यांच्याच विचारातून आलेली 'कमवा आणि शिका' योजना अनेक विद्यापीठांत चालते. तीत मुले बागेला पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तके लावतात, कार्यालयात कागद जुळवितात. या कामांना आम्ही कमी लेखीत नाही. पण विहिरींची पातळी मोजणे, घरोघर माहिती घेणे, आजीकडून रानभाजीचे नाव उतरून घेणे, हेही श्रमच आहेत. त्यांना 'कमवा आणि शिका'त जागा का नसावी?

म्हणून आमची सूचना साधी आहे. क्षेत्र प्रकल्प अथवा संशोधन प्रकल्प प्रत्यक्ष गावात जाऊन करणाऱ्या प्रत्येक गरजू विद्यार्थ्याला ५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळावे. दहा दिवसांच्या मजुरीचे ३,१२० रुपये वजा जाता उरणाऱ्या १,८८० रुपयांत प्रवास, कागद, छपाई आणि पाणी तपासण्याचे साधे साहित्य बसू शकते. एका महाविद्यालयात असे शंभर विद्यार्थी धरले, तर वर्षाचा खर्च पाच लाख रुपये येतो. ५०,००० कोटींच्या तुलनेत ही रक्कम दहा लाखांत एक एवढी भरते.

रक्कम लहान असली तरी ती देण्याची रीत महत्त्वाची आहे. निम्मे पैसे काम सुरू होण्यापूर्वी हाती पडावेत. 'आधी खर्च करा, मग पावत्या जोडा' हा नियम ज्याच्याकडे आधी खर्च करावयास पैसे आहेत, त्याच्याच सोयीचा असतो. गरिबाला तो दारातूनच परत पाठवितो. एस.टी.चे तिकीट हीच पावती मानावी, आणि जीपच्या प्रवासाला विद्यार्थ्याची सही पुरेशी समजावी. कला, वाणिज्य, विज्ञान असा भेद करू नये. गुणांची अट तर मुळीच घालू नये. कोण संशोधन करू शकतो हे संशोधनाची संधी दिल्यावरच कळते. उरलेले निम्मे पैसे मात्र काम तपासूनच द्यावेत, आणि ती तपासणी बंद खोलीत होऊ नये. ज्या गावाचा अभ्यास झाला, त्या गावाच्या ग्रामसभेत विद्यार्थ्याने आपला अहवाल मराठीत वाचून दाखवावा. झेरॉक्सच्या दुकानातला अहवाल परीक्षकापुढे खपेल. ज्या बाईच्या विहिरीविषयी तो लिहिला आहे, तिच्यापुढे तो खपावयाचा नाही. गावाने आपला वेळ आणि माहिती दिली, तिची परतफेडही अशानेच होईल. आदिवासी पाड्यांवर माहिती घेऊन गेलेली माणसे पुन्हा तोंड दाखवीत नाहीत, ही तेथील जुनी तक्रार आहे.

यावर आक्षेप येतील. पैशाचा अपहार होईल, असे कोणी म्हणेल. पाच हजारांच्या रकमेत अपहारास वाव किती, आणि तो रोखावयास ग्रामसभेपेक्षा जागरूक लेखापरीक्षक कोठून आणावयाचा? अध्यापकांना वेळ नाही, असे दुसरा म्हणेल. हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो टाळू इच्छित नाही. ग्रामीण महाविद्यालयांत कायम अध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुण शिक्षकांना शिकविलेल्या तासापुरतेच मानधन मिळते. रानावनात विद्यार्थ्यांबरोबर हिंडलेला दिवस त्यांच्या हिशेबात धरला जात नाही. तो धरला गेला पाहिजे; प्रकल्पाचे मार्गदर्शन हा अध्यापनाचाच तास मानून त्याचे मानधन दिले पाहिजे. विद्यार्थ्याला भाडे देऊन शिक्षकाला फुकट राबविले, तर योजना दुसऱ्याच वर्षी बसेल. तिसरा म्हणेल, या अभ्यासांचा दर्जा तो काय असणार? काही वाईट असतील, बरेच साधारण असतील, थोडे चांगले निघतील. मोठ्या संस्थांतील संशोधनाचे प्रमाणही याहून फारसे निराळे नसते. तेथे खर्च मात्र अधिक होतो.

राहिला प्रश्न पैसा कोठून यावयाचा हा. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामांसाठी तरतूद असते. ठाणे जिल्हा नियोजन समितीने पहिल्या वर्षाचा भार तीतून सहज उचलावा. शहापूर येथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. त्याला आपल्याच योजनांची खरी स्थिती कळावयास याहून स्वस्त साधन मिळणार नाही. २०१६ साली राज्याने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले, ते स्थानिक प्रशासनाचे प्रश्न स्थानिक महाविद्यालयांनी अभ्यासावेत याच हेतूने. त्याचे दार अभियांत्रिकीपुरते न ठेवता कला-वाणिज्याच्या मुलांना उघडावे. मुरबाड आणि आसनगावच्या कारखान्यांना कायद्याने सामाजिक दायित्वाचा खर्च करावयाचाच असतो. आणि मुंबई महानगरपालिकेचेही येथे एक देणे आहे, असे आम्हांस वाटते. शहापूरचे पाणी पिणाऱ्या महानगराने शहापूरच्या मुलांना त्याच पाण्याचा अभ्यास करावयास वर्षाला काही लाख रुपये दिले, तर ते उपकार म्हणून देऊ नयेत आणि कोणी उपकार म्हणून घेऊही नयेत.

सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काचकारखाना निघाला. या महाविद्यालयांतून शिकून नोकरीस लागलेले माजी विद्यार्थी आज ठाणे-कल्याण-मुंबईत हजारोंनी आहेत. त्यांतील प्रत्येकाने एका मुलाच्या एका दिवसाची मजुरी दिली, तरी दहा जणांत एका प्रकल्पाचे दहा दिवस भागतात.

संलग्न महाविद्यालयांत २०२४ च्या जूनमध्ये आलेली पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला पोहोचेल. पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के मिळविणाऱ्यांना त्या वर्षी संशोधनासह पदवी घेता येईल आणि त्यासाठी १२ श्रेयांकांचा प्रबंध करावा लागेल. दोन श्रेयांकांच्या प्रकल्पाला ज्यांच्याजवळ भाडे नव्हते, त्यांच्यापुढे हे सहापट काम उभे राहणार आहे. तोवर काही केले नाही, तर संशोधनासह मिळणारी पदवी शहरातल्या खातेपित्या घरांची राहील आणि शहापूर-मुरबाडची मुले तीन वर्षांची साधी पदवी घेऊन घरी जातील. त्यांना कोणी अडविलेले नसेल. नियम सर्वांना सारखेच असतील. आपल्या शिक्षणात विषमता बहुधा अशीच, कोणाचाही दोष न दिसता येत असते. जिल्हा नियोजन समितीची पुढची बैठक होईल, तेव्हा विषयपत्रिकेवर हा पाच लाखांचा विषय असावा, एवढेच आमचे आज मागणे आहे.